चंद्रिका स्टाफमध्ये गेली

तलासरी,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. नितीनदादास,
सा. न. वि. वि.

फोन हाताशी असताना बहीण पत्र का लिहिते, म्हणून हसशील. मागच्या आठवड्यात माझ्या लाइनवरच्या पुष्पाने आमच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला आवाजी मेसेज दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी तिलाच ऐकवला. खोलीत आम्ही पाच जणी राहतो; कोण कुणाचं, कळेनासं झालंय. शिवाय फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

तर ऐक. कंपनी मला लाइन सुपरवायझर करतेय. डब्यांची झाकणं तपासणारी मी, एकदम स्टाफ! बी.एस्सी. आहे, मराठी-गुजराती दोन्ही येतं, बायका ऐकतात, असं साहेब म्हणाले. आणि त्याच आठवड्यात बायकांनी पुष्पाच्या घरी बसून ठरवलं, की युनियन करायची आणि चिटणीस मी व्हायचं. कारणं त्यांनीही तीच सांगितली, दादा.

साहेबांना महिनाअखेर उत्तर हवंय. पुष्पाने तर माझा होकार धरूनच ठेवलाय. आम्ही दोघी एकाच दिवशी कामाला लागलो, रोज एका डब्यात जेवतो. हल्ली मी दोन घास खाऊन डबा तिच्याकडे सरकवते. तू शिफ्ट ऑफिसर, तुझं मत काय असणार ते मला ठाऊक आहे. तरी लिही.

रानशेतला घरचा भात झोडून झाला का? आईला यातलं काही सांगू नकोस, आणि या धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चंद्रिका

बोईसर,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. चंद्रिका हिस,
अ. उ. आ.

तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे, हे पाहून बरं वाटलं.

मत ठाऊक आहे म्हणतेस, तर सरळ लिहितो. सुपरवायझर हो. मी कितीतरी वर्षं हेल्पर राहिलो, तेव्हा कुठे ऑफिसर झालो. तुला ते आपसूक मिळतंय. युनियन वाईट असते असं मी म्हणत नाही. पण तुम्ही बहुतेक जणी कंत्राटी. उद्या गेटवर अडवलं तर कोण विचारणार? आत राहून जे करता येईल ते कर. बायकांना पाणी प्यायला वेळ दे, शिवी देणाऱ्याला गप्प बसव. ते काय थोडं आहे?

आणखी एक. तुमचे मालक आणि आमचे मालक एकमेकांच्या ओळखीचे. ऑफिसर म्हणून मी अजून कायम नाही, मार्चमध्ये होईन. हे ओझं तुझ्यावर टाकत नाही, पण लपवतही नाही.

आईला मी सांगितलं नाही. तिनेच विचारलं, की चंद्रिकेचं काय बिनसलंय. तिला कोण फसवणार! जेवत जा बाय. रागावलीस तरी पत्र टाकायला विसरू नकोस.

तुझा,
नितीनदादा

तलासरी,
२० जानेवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि सुपरवायझर झाले. पहिल्याच आठवड्यात बाथरूमला जाण्यासाठी टोकन घ्यायची पद्धत बंद करून घेतली. पुष्पाने कौतुक केलं नाही, पण त्या दुपारी डबा माझ्यासमोर उघडला. मग त्यांनी माझ्याशिवाय युनियन केली. कंपनीने पुष्पासकट तिघींना काढलं आणि बाकीच्या सगळ्या जणी कामावरून उठून गेटबाहेर बसल्या. मी रोज सकाळी त्यांच्यासमोरून आत जाते. कुणी शिवी देत नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

आत वेवजी गावाकडच्या नव्या मुली आणल्यात. मोल्डिंग मशीन तू पाहिली आहेस. दरवाजा उघडला की साचा थांबतो, मग हात घालून माल काढायचा. वेळ वाचावा म्हणून साहेबांनी दरवाजाचे स्विच तारेने बांधायला लावलेत. दरवाजा उघडा आणि साचा चालूच. आज रंभा नावाच्या मुलीचा हातमोजा साच्यात गेला. हात तिने कसा ओढून घेतला, तिलाच माहीत. ती रडलीसुद्धा नाही. दुसरा मोजा कुठे मिळेल, एवढंच तिने मला विचारलं. रडू मला आलं.

मी सगळ्या मशिनी बंद केल्या. साहेब म्हणाले, ही ऑर्डर जाऊ दे, मग तारा काढू. मी म्हटलं, आधी तारा काढा. तर त्यांनी शांतपणे सांगितलं, की घरी जा, विचार कर आणि उद्या येऊन मशिनी सुरू कर. हे पत्र तुला मिळेल तोवर काय व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. मला भीती वाटतेय, दादा. आठवण असू दे.

तुझी,
चंद्रिका

बोईसर,
२४ जानेवारी २०२५

चि. चंद्रिका,
अ. उ. आ.

तुझा फोन बंद का? आईचे मला सारखे फोन येतायत.

मशिनी सुरू करू नकोस, तिथे तुझं बरोबर आहे. पण बाहेर कुणाकडे काही बोलूही नकोस. आमच्याकडे क्वालिटीमध्ये जागा आहे. आजच मॅनेजरशी बोललो, ते तुला घ्यायला तयार आहेत. घरगुती अडचण लिहून राजीनामा दे, कुणावर बोट दाखवू नकोस आणि इकडे निघून ये. बोललीस तर ही जागाही जाईल आणि माझंही अवघड होईल. हात जोडून सांगतो. मोठ्या भावाचं एवढं राख.

नितीनदादा

तलासरी,
१२ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच मी बोलून बसले होते. आधी हे सांगते, नाहीतर तुला वाटेल मुद्दाम केलं. त्यानंतर तुला लिहायचं धाडस होत नव्हतं.

मशिनी मी सुरू केल्या नाहीत, साहेबांनी दुसऱ्याकडून करून घेतल्या. काढलेल्या तिघींच्या प्रकरणी पालघरला कामगार अधिकाऱ्यांसमोर बैठक होती. कंपनीच्या बाजूने बसायला साहेबांनी मलाच नेलं. बाईने सांगितलं की वजन पडतं, म्हणाले. नोकरीच्या भीतीने मी गप्प बसेन, असं त्यांनी धरलं असावं. मीही वाटेत तसंच ठरवलं होतं. अधिकाऱ्यांनी विचारलं, की मशिनी सुरक्षित आहेत का. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाहीत, दरवाजे तारेने बांधलेत, आजच येऊन बघा. समोर पुष्पा बसली होती, तिने मान वर केली नाही. परतताना साहेबांनी मला गाडीत घेतलं नाही. एसटीने आले.

तपासणी झाली, तारा निघाल्या, समझोता झाला. पुष्पा आणि त्या दोघी कामावर परत आल्या. मला मात्र काढलं. पुष्पा माझ्यासाठी भांडली, पण वकिलांनी सांगितलं, की सुपरवायझर कामगारांत मोडत नाही, युनियनला तिच्यासाठी काही मागता येणार नाही. पुष्पा खोलीवर आली, माझ्या गादीवर बसून खूप रडली. म्हणाली, नोव्हेंबरमध्येच आमच्यात आली असतीस तर. मी म्हटलं, मग पालघरच्या बैठकीत तारांचं कोण बोललं असतं? पण तेही पुरतं खरं नाही, दादा. काय बरोबर होतं ते मला अजून कळत नाही.

युनियनचे लाहूकाका विचारत होते, की तलासरीच्या ऑफिसात पूर्णवेळ काम करशील का. मी हो म्हटलं. ते म्हणाले, दोन दिवस विचार कर. मी दोन दिवसांनी जाऊन परत हो म्हटलं. आईला मीच सांगितलं. नागलीचे दाणे निवडता निवडता ती म्हणाली, की नितीनला विचार, तुझ्यामुळे त्याचं काही अडलं का. म्हणून विचारते, कायम झालास ना? उत्तराकडे डोळे लावून बसलेय.

तुझी,
चंद्रिका

तलासरी,
१६ एप्रिल २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर नाही. तरी लिहावं लागतंय.

तुमच्या कंपनीतले कंत्राटी कामगार आमच्या ऑफिसात आले होते. ॲसिडच्या विभागात त्यांना मास्क मिळत नाहीत आणि पगार कायमवाल्यांच्या निम्मा आहे. २८ तारखेला, सोमवारी, लाहूकाका आणि मी तुमच्याकडे बोलणी करायला येणार. कंपनीकडून जे बसणार त्यांत तुझं नाव आहे. मी लाहूकाकांना म्हटलं, माझ्याऐवजी दुसरं कुणी न्या. ते म्हणाले, आधी भावाला विचार, त्याला जड जाणार असेल तर मी एकटा जातो. म्हणून विचारते. नको म्हणालास तर मी येणार नाही, आणि मनातही काही ठेवणार नाही.

तुझी,
चंद्रिका

बोईसर,
१८ एप्रिल २०२५

चि. चंद्रिका हिस,
अ. उ. आ.

उत्तर लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. मी कायम झालो नाही. अजून सहा महिने बघू, म्हणाले. कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तुझ्यावर फार राग होता. थोडा अजून आहे.

आज मॅनेजरना सांगितलं, की युनियनकडून येणारी माझी सख्खी बहीण आहे. ते म्हणाले, मग तू बैठकीला बसू नकोस. मी म्हटलं, बसतो. मास्कचं तुमच्या लोकांनी सांगितलं ते खरं आहे, ते मी नाकारणार नाही, आणि हे मॅनेजरना आधीच सांगून ठेवलंय. पगाराचं मात्र मी सहज सोडणार नाही. बहीण आहेस म्हणून एक शब्द कमी बोलणार नाही, तूही बोलू नकोस.

सोमवारी ये. कागद नीट वाचून ये, कारण मी रात्रभर वाचणार आहे.

तुझा,
दादा