दोनशे सत्त्याऐंशी आमदार आणि एक मॉनिटर

३१ ऑगस्ट २०२५, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण: रोहिदास म्हणतो, बाबा, तुम्ही विसरायला लागलात. गणपतीला बोईसरहून आला आणि जाता जाता एवढं बोलून मोकळा झाला. पोटचा मुलगा!
निमित्त काय, तर परवा जव्हारच्या एसटी स्टँडवर जयवंती राहिली. मी बसमध्ये चढताना पिशव्या मोजल्या होत्या. पाच होत्या, पाच आणल्या. बायको पिशव्यांत धरत नाहीत. शिवाय ती ढवळूच्या जीपने माझ्या आधी साखरशेतला पोचली, म्हणजे नुकसान शून्य.
तरी रोहिदासचा निकाल लागलाच: दिवाळीनंतर बोईसर, तिसरा मजला. खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. जयवंती म्हणाली, मी भात आणि कोंबड्या टाकून कुठं येणार नाही, न्यायचं तर यांना न्या.
या ओट्यावरून शाळेचं छप्पर दिसतं. छत्तीस वर्षं तिथे मी मुलांकडून कविता म्हणून घेतल्या. अजून सकाळी वारा इकडे असला की प्रार्थना ऐकू येते. मी कुठेही जाणार नाही.

१ सप्टेंबर, सकाळी ७
उपाय सुचला. रोहिदासला फोन. म्हटलं, मागची विधानसभा, २०१९ ते २०२४, सगळे दोनशे अठ्ठ्याऐंशी आमदार पद्यात पाठ करतो आणि भाऊबीजेला कागदाशिवाय म्हणून दाखवतो. एक जरी राहिला तर मुकाट्याने बोईसरला येतो. नाही राहिला तर बोईसरचं नाव काढायचं नाही.
तो हसला. म्हणाला, बाबा, त्या मुदतीत कोण कुठे होतं हे त्यांच्याच पक्षांना पाठ नव्हतं. पण कबूल झाला.
चालू विधानसभा का नको, असं त्याने विचारलं. चालू वर्ग कधी पाठ करू नये. मुलं जागा बदलतात. पास होऊन गेलेला वर्ग स्थिर असतो.

३ सप्टेंबर
जव्हारला जाऊन झेरॉक्सवाल्याकडून यादी काढून आणली. (छत्री तिथे राहिली. ढवळू जीपमधून ओरडला, गुरुजी, तू छत्री इसरलास! चार वर्षं माझ्या वर्गात होता, पण ‘तुम्ही’ काही त्याच्या तोंडात बसलं नाही.)
जुना हजेरीपट घेतला. रोज दहा आमदार. एकोणतीस दिवसांत खेळ खलास. भाऊबीजेपर्यंत तीन आठवडे नुसते मिरवायला उरतील.
आपल्या इथले आमदार मात्र मुख्य यादीत घातले नाहीत. त्यांना वर्गाचा मॉनिटर केलं. माझ्या शाळेत मॉनिटर हजेरी घ्यायला पुढे उभा असे, ओळीत बसत नसे. त्यांच्यावर स्वतंत्र कडवं, शेवटी, सवडीने.

५ सप्टेंबर, शिक्षक दिन
आरंभ झाला. काय ओळी उतरल्या!
अक्कलकुवा पहिला मान, जत अखेरचे ते स्थान,
मध्ये भाऊ, मध्ये ताई, दादांनाही तोटा नाही.
जयवंतीला ऐकवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, यात आमदार कुठं आहेत?

९ सप्टेंबर
अडचण: नावं लांब, वृत्त आखूड. वडिलांचं नाव गाळलं. मग आडनाव गाळलं. एकसष्ट आमदार झाले, त्यांत एकोणीस भाऊ. जयवंतीने विचारलं, हे भाऊ कुठले आणि ते भाऊ कुठले? म्हटलं, चालीवरून कळतं. तिचा कवितेचा कान तेवढा तयार नाही.

१६ सप्टेंबर
सत्ताधारी एका चालीत, विरोधक दुसऱ्या चालीत, अशी नामी योजना केली होती. आज यादीच्या मागच्या टिपा वाचल्या. एकाच मुदतीत तीन मुख्यमंत्री! पान दोनवरचे पान नऊवर जातात, पान नऊवरचे अर्धेच परत येतात. माझ्या वर्गात कुणी असा बाक बदलला असता तर अंगठे धरून उभा केला असता.
हजेरीपट कापला आणि भाताच्या खळीने चिकटवला. रात्रीतून उंदरांनी खळ खाल्ली. खळीबरोबर एक जिल्हाही गेला.

१९ सप्टेंबर
सगळे एकाच चालीत.
काहीजण मुदतीतच वारले, पोटनिवडणुका झाल्या. ती नावं लिहिताना हात थांबला. आमच्या शाळेतही दरवर्षी एखादं नाव तांबड्या शाईने खोडावं लागे. बहुतेक मुलं कामाला ठाण्याकडे गेलेली असत. एक चिमी मात्र तापाने गेली. तिचा आवाज काय गोड होता. आज दहा आमदार झाले नाहीत.

२ ऑक्टोबर, दसरा
एकोणतीस दिवस संपले. एकशे चौदा आमदार झाले. वेग समाधानकारक. आता रोज पंधरा.

३ ऑक्टोबर
शून्य. नाचणी राखायला बसलो होतो. नाचणीपुढे चाल धरून म्हणून पाहिली. पाखरं उडाली, म्हणजे आवाज पोचतो.

१४ ऑक्टोबर
सगळं पाठ! ओट्यावर फेऱ्या मारत सलग पंचेचाळीस मिनिटं. शेगडीवरचं दूध उतू गेलं. जयवंती म्हणाली, तुम्हाला राखायला बसवलं होतं. म्हटलं, अक्कलकुवा ते जत एका दमात झालं. ती म्हणाली, दूध पण.
मणी घेऊन मोजले. दोनशे सत्त्याऐंशी.

१५ ऑक्टोबर
पुन्हा मोजले. दोनशे सत्त्याऐंशी. मण्यांत खोट असावी. वाल घेऊन मोजले. दोनशे सत्त्याऐंशी. जयवंतीने वाल मागितले, भाजीला.

१७ ऑक्टोबर
जव्हारला गेलो. झेरॉक्सवाल्याला म्हटलं, तुझ्या यादीत चूक आहे. त्याने गिऱ्हाईक थांबवून माझ्यासमोर अनुक्रमांक दाखवले: दोनशे अठ्ठ्याऐंशी. खुलासा झाला. त्याच्या यंत्राने एक आमदार जास्त छापलाय.
परत येताना ढवळूने विचारलं, गुरुजी, आपला धरलास का? म्हटलं, तू जीप चालव. आपला आमदार काय पाठ करायचा असतो? तो तर येतोच.
छत्री आणायची राहिली.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज, सकाळी ६
आवाज उत्तम. मन शांत. जिंकल्यावर रोहिदासला फार टोचून बोलायचं नाही, असं ठरवलं आहे. थोडंच बोलायचं.

त्याच दिवशी, दुपारी ३
ओट्यावर गर्दी होती. हर्षदा, म्हणजे सूनबाई, यादी आणि पेन्सिल घेऊन बसली. प्रत्येक भाऊला ती विचारी, पूर्ण नाव? मी सांगे. अडखळलो नाही! जतला पोचलो तेव्हा ढवळूने शिट्टी मारली. रोहिदासचा चेहरा पडला होता. मी पाणी प्यालो.
हर्षदा यादी उलटसुलट करत म्हणाली, बाबा, एक राहिला.
म्हटलं, यंत्राची चूक.
ती म्हणाली, नाही बाबा, आपलेच आमदार राहिले.
म्हटलं, ते मॉनिटर आहेत, त्यांचं वेगळं कडवं आहे. आणि कडवं म्हणायला तोंड उघडलं. आत काही नव्हतं. सवड झालीच नव्हती. म्हटलं, कडवं जाऊ दे, नाव सांगतो. नाव जिभेवर होतं. तिथेच राहिलं.
ढवळू म्हणाला, गुरुजी, मागं बघ.
मागे भिंतीवर फोटो. शाळेच्या कार्यक्रमात मी त्यांना हार घालतोय. तीन वर्षं मी रोज याच फोटोखाली बसतोय. खाली मानपत्राची चौकट, सोळा ओळी, रचना माझी.
सगळे हसले. मीही हसलो, पण थोडा उशिरा. जयवंती हसली नाही. उठून आत गेली आणि माझे दोन सदरे घडी करायला घेतले.

२४ ऑक्टोबर
निघालो. आठच दिवसांसाठी. भात झोडून झालं की जयवंती येणार आहे. तोवर तिने पाच पिशव्या दिल्यात. जीप सुटताना तिने पिशव्या मोजल्या, मग माझ्याकडे बघून म्हणाली, सहा.

१ नोव्हेंबर, बोईसर
हजेरीपट साखरशेतला राहिला. ही नोंद कॅलेंडरच्या पाठीवर.
इथेही कवितेला वाव आहे. बिल्डिंगमध्ये चोवीस बिऱ्हाडं. दारांवरच्या पाट्या वाचून सगळी पद्यात बसवली. तेवीस झाली. एक पाटी कमी लावली असणार.

२ नोव्हेंबर, संध्याकाळी ५, गेटजवळ
जयवंतीला फोन करून सांगितलं, स्मरणशक्ती ठणठणीत आहे, रोहिदासला आठवड्यात पटेल. मग एकटा फिरून आलो. अगदी वेळेवर परत. छत्रीही नव्हती, त्यामुळे राहण्याचा प्रश्न नव्हता.
गेटवर नवा वॉचमन. म्हणाला, बाबा, किसके घर जाना है? मी त्याला तळमजल्यापासून तेवीस नावं चालीवर म्हणून दाखवली. त्याने टाळ्या वाजवल्या. मग म्हणाला, वो तो ठीक है बाबा, आपका कौनसा?
सध्या त्याच्याच खुर्चीवर बसून लिहितो आहे. प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता.