तिरुपतीला जाते असं सांगून

१२ जून

ठरलं. मी थायलंडला जाणार. बीचवर रात्रभर नाचायला! वय बावन्न, डावा गुडघा बरा, उजवा बाद. एका पायावर नाचेन.

काल माझे धाकटे दीर आले होते, कुंडलिकभाऊजी. चहा प्यायले, चार बटर खाल्ले, मग घसा खाकरून म्हणाले की वहिनी, यंदा नारळी पुनवेला तुम्ही मागेच उभ्या राहा. शिवदासदादाला जाऊन अजून वर्ष झालं नाही. गल्ली बघत असते. — गल्ली बघते म्हणे! गल्लीने पंचवीस वर्षं दुसरं काय बघितलं? वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या मिरवणुकीत पहिल्या रांगेत मी. बँजोवाला माझ्या पायांकडे बघून ताल बदलायचा. नवरा हार्ट अटॅकने गेला, माझ्या नाचाने नाही.

संध्याकाळी प्रांजल पवईच्या ऑफिसमधून आली तेव्हा मी भांडी आपटत होते. लेकीला आईचा आवाज ओळखू येत नाही, भांड्यांचा येतो. सगळं ऐकून घेतलं आणि फोनमधून डोकं न काढता म्हणाली, आमच्या ग्रुपबरोबर चल मग. थायलंडला एका बेटावर दर पौर्णिमेला पार्टी असते, सकाळपर्यंत. एक मुलगी गळलीय. ऑगस्टची पौर्णिमा म्हणजे आपली नारळी पुनवच.

मी म्हटलं, येते. तेव्हा कुठे तिने डोकं वर केलं.

१३ जून

सकाळी वाटलं, काय हा येडेपणा. दुपारी वाटलं, जायचंच. संध्याकाळी पासपोर्टचा फॉर्म भरला.

१९ जून

निमेश घरी आला होता. प्रांजलच्या ऑफिसातला, घाटकोपरचा. "नुसता मित्र आहे," असं तिने तीनदा सांगितलं, म्हणजे नुसता नाही. त्याने पार्टीचे व्हिडिओ दाखवले. हजारो माणसं, तोंडाला चमकणारे रंग, आणि दारू बादलीतून पितात. बादलीतून! आम्ही बादलीत कोळंबी धुतो.

मी एकच विचारलं. पुनवेला रात्री बाराला उधाण असतं, पाणी वर भिंतीपर्यंत येतं, मग ही माणसं नाचतात कुठे? निमेश म्हणाला, आंटी, तिकडे तसं नसेल. नसेल कसं? समुद्र आहे की स्विमिंग पूल? बोटवाल्याची बायको आहे मी, भरती मला घड्याळाआधी कळते. चांगलं खडसावून सांगितलं की खोली डोंगरावरच घ्यायची, नाहीतर चपला वाहून जातील. बिचाऱ्याने घेतली.

२२ जून

तिकडच्या भरतीचं वेळापत्रक वेगळंच निघालं. बीच अख्खी रात्र कोरडा. आणि खोलीला एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या. बदलता येत नाही. प्रांजल नुसती माझ्या गुडघ्याकडे बघत राहिली.

२ जुलै

गल्लीत सांगायचं काय, हा प्रश्न होता. सुटला. तिरुपतीला चालले! विधवा बाई देवाला गेली तर सगळे हात जोडतात. देवा, रागावू नकोस, तुलाही सुट्टी लागतेच की कधीतरी.

सासूलाही तेच सांगितलं. सखुबाई, वय शहात्तर. सोयीप्रमाणे बहिरी. "बरं," म्हणाली आणि सुकट निवडत बसली.

९ जुलै

वाट लागली. शेजारच्या सुहासिनीने प्रसादाचे सहा लाडू सांगितले. तिचं बघून वरच्या माळ्यावरच्यांनी चार. बर्फाच्या कारखान्यातल्या मुकादमाने दहा. बाकी गल्लीने एकेक-दोनदोन. आज मोजले तर एकतीस लाडू झाले. थायलंडमध्ये मी ते कुठून आणू? वर सुहासिनी विचारते, केस देणार का गं? म्हटलं, बघू, देवाच्या मनात असेल तसं.

१५ जुलै

आज मेले होते!

पासपोर्टसाठी पोलीस चौकशीला येतात, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. हवालदार थेट सुहासिनीच्या दारात. या बाई इथेच राहतात का, परदेशी चालल्यात, काही गुन्हा वगैरे? मी मागच्या दाराने पळत गेले. सुहासिनी माझ्याकडे बघते, हवालदार माझ्याकडे बघतो. तोंडातून निघालं की हल्ली तिरुपतीलाही पासपोर्ट लागतो, फार गर्दी असते ना, म्हणून. हवालदाराने खाली मान घालून हसू दाबलं. भला माणूस. सुहासिनी म्हणाली, हो गं, आता सगळीकडेच कडक केलंय.

तिने साक्षीदार म्हणून सहीसुद्धा केली. जन्मात विसरणार नाही मी तिला.

१६ जुलै

सासू दारातच बसली होती काल. सगळं ऐकलं असणार. लक्षण बरं नाही.

२४ जुलै

पावसाळ्याची बंदी, बोटी अजून वर ओढलेल्या. बाजारात नुसती सुकी मासळी, गिऱ्हाईक नाही. रिकामी बसले की शिवदास आठवतो. मिरवणुकीत तो बोटीवर उभा राहून शिट्टी मारायचा, दोन बोटं तोंडात घालून, अख्ख्या जगासमोर. मी घरी येऊन शिव्या घालायचे. लाज नाही, म्हणायचे, लेक मोठी झाली. आता ती शिट्टी ऐकायला मी काय वाटेल ते देईन. फार आठवण येते त्याची. आणि रागही येतो. गेला आरामात, आणि मला मागच्या रांगेत उभी करून गेला.

म्हणून तर चालले. तिथे मी कुणाची वहिनी नाही, कुणाची विधवा नाही. एक रात्र नुसती प्रेमा. यात कुणाच्या बापाचं काय जातं?

३ ऑगस्ट

आज सासूने पकडलं. दुपारी गुडघ्याला तेल चोळून मी बंद खोलीत जरा पाय हलवून बघत होते. दार ढकलून उभी.

"मना येडी समजतेस काय? बालाजीला जायला कोण नाचायची प्रॅक्टिस करतं?"

मग काय, सगळं सांगितलं. बेट, बीच, बादल्या, सगळं. वाटलं, आता गल्ली डोक्यावर घेईल. ती खाटेवर बसली. म्हणाली, तिथे विधवा पुढे नाचतात की मागे? मी म्हटलं, तिथे पुढे-मागे काही नसतं, आई, सगळे एकत्रच.

मग म्हणाली, "माझा नवरा गेला तवा मी बत्तीसची होती. चव्वेचाळीस वर्षं झाली, मागंच उभी हाय. एकदा पण कोणी बोललं नाही, सखू, पुढं ये."

मीही कधी म्हटलं नव्हतं. पंचवीस वर्षं पहिल्या रांगेत होते, एकदाही वळून बघितलं नाही ती कुठे उभी आहे ते. आणि मला एक पुनव मागे राहायची वेळ आली तर मी देश सोडून चालले!

"तू जा," म्हणाली. "मी कोणाला नाय सांगत." आणि माझ्या गुडघ्याला तेल लावायला घेतलं. हात खरखरीत, पण जोर अजून आहे. मला रडू आलं. तिला सांगितलं, दुखतंय म्हणून.

४ ऑगस्ट

प्रांजलला म्हटलं, जाऊ की नको? ती म्हणाली, आई, आता नाटकं नको हं.

६ ऑगस्ट

आज निघतो. बॅगेत सोडे आणि सुके बोंबील ठेवले होते, प्रांजलने बाहेर काढले. म्हणाली, विमानातून आपल्याला उतरवतील. भाऊजी निरोपाला आले. बालाजीला माझा नमस्कार सांगा म्हणाले. सांगते म्हटलं. सासूच्या पाया पडले तर तिने पाठीत एक धपाटा घातला. तिला म्हटलं, आई, चला तुम्ही पण. तर म्हणते, मना विमानात बसायचं नाय.

८ ऑगस्ट, थायलंड

एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या उतरले. गालावर प्रांजलने हिरवा रंग लावलाय. चंद्र वर आलाय, गाणी सुरू झालीत. मुलं नाचायला बोलवतायत.

सुहासिनीचा व्हिडिओ आला आत्ता. आपली मिरवणूक. पहिल्या रांगेत आमची म्हातारी, दोन्ही हात वर करून नाचतेय. भाऊजी अडवायला गेले तर त्यांना कोपराने ढकललं. बँजो थांबला नाही. पण बाकीच्या बायका जरा लांब सरकल्यात. एकटीच नाचतेय.

तिच्या शेजारी कोणीच नाही. मी असायला हवी होते.