सूनबाईच्या बांगड्या

डोणगावले, धम्मदीपच्या बाबाले,

पंचफुलाचा सप्रेम जयभीम. इथं पुण्यात पोराकडं मी मजेत आहे. गुडघाही कमी दुखते. फोनवर बोललं तं साऱ्या फ्लॅटमधी ऐकू जाते, म्हून लिहून राह्यली.

आपल्या सूनबाईनं, महामायानं, नोकरी सोडली. आता ती मोबाईलवर संसाराचे व्हिडिओ टाकते. कंपनीवाले तवे, डबे पाठवतात. पार्सल आलं की हात धुते, पदर घेते, मंगच खोकं उघडते. आपण वंदनेले बसतो तसं.

बायका खाली लिहितात, घरोघरी अशी सून पाहिजे. पण पाहणाऱ्या कमी झाल्या की पोरगी जेवत नाही. वाईट नाही हो ती. न उघडलेले खोके पलंगाखाली ढकलते अन् म्हणते, आई, धम्मदीपले सांगू नका.

शेळी विली का? दुधावर झाकण ठेवत जा.

सूनबाईले भाकर थापता येत नाही. म्हून तिनं आपल्या बांगड्या माझ्या हातात भरल्या अन् व्हिडिओत नुसते हातच दाखवले. तोंड मंग तिचं दाखवलं.

काल फोनवर तुम्ही तिले म्हणले, "भाकर पाह्यली बेटा. असा हात आपल्या घरात कोणाचाच नव्हता." ती माझ्याकडं पाहून खरं सांगाले लागली. मीच तिले खुणेनं गप केलं.

बांगड्या घट्ट बसल्या, साबण लावला तरी निघत नाहीत.

इतके वर्ष याच हातची भाकर खाल्ली तुम्ही.

तब्येतीले जपा.

तुमची,
पंचफुला