डबा कुणाबरोबर?

शुक्रवार, संध्याकाळ. शिरूर

कॉलेजचा दर्जा ठरवायला नॅकची समिती आज येऊन गेली. इतिहास विभागात मी एकटीच, म्हणून माझ्याकडे कुणी फार थांबणार नाही असं वाटलं होतं. पण समितीतल्या एक वयस्कर बाई समोरच्या खुर्चीत निवांत बसल्या. त्या खुर्चीत किती दिवसांत कुणी बसलं नव्हतं! फायलींकडे न बघता त्यांनी विचारलं, "डबा कुणाबरोबर खाता?"

"सगळ्यांबरोबर," मी म्हणाले. का म्हणाले? खरं सांगितलं असतं तर त्यांनी काय गुण कापले असते?

त्या गेल्यावर मी त्या खुर्चीकडेच बघत बसले. झाडायला आलेल्या सुमनमावशी म्हणाल्या, "म्याडम, समदी हॉलात जेवत्यात. तुमाला कुणी बोलावलं न्हाई व्हय?"

"बोलावलं असेल. मला ऐकू आलं नसेल."

"मग चला की. मी बी जेवले न्हाई अजून."

आम्ही पोचलो तेव्हा भांडी उचलत होते. मावशींनी दोघींपुरती जिलबी मागून आणली, ती पायरीवर बसून खाल्ली. त्या आपल्या सुनेबद्दल, तिच्या सणसवाडीच्या नोकरीबद्दल बोलत राहिल्या. आणि वर्गात तासभर बोलणारी मी, काय बोलावं ते न सुचून नुसती हं हं करत राहिले.