ओजसचं माप

साकीनाका,
१२ नोव्हेंबर २०२४

सौ. नीलाताई विहीणबाईंस,
रुक्मिणीचा स. न. वि. वि.

पत्र बघून नवल वाटेल. स्वरदा आमच्या घरातून ओजसला घेऊन तुमच्याकडे आली ती गणपतीच्या आधी. तेव्हापासून वकिलांनी सांगितलंय म्हणे, फोनवर कुणी काही बोलायचं नाही, लिहायचं नाही, उद्या ते कोर्टात वाचलं जातं. पोस्टाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून हे.

काम एवढंच. दर थंडीला नातवाला एक स्वेटर विणते, तसा यंदाचाही घेतलाय. पण अंदाज चुकतोय. मूल समोर असलं की माप लागत नाही, पाठीवरून हात फिरवला की कळतं. आता दोन वर्षांचा झाला. अंग भरलं की नुसता उंच झाला, काय धरायचं? विणलेलं दोनदा उसवलं. छातीचं आणि बाहीचं माप कळवाल का? स्वरदाला आवडणार नसेल तर तिला सांगू नका.

इथे सगळे दमलेत. माझा नितेश कामावरून येतो, जेवतो, झोपतो. तुम्ही मुलाला भेटू देत नाही म्हणतो. मी काही विचारलं की आमचे हे म्हणतात, गप रव. तशी गपच असते.

माझा राग असेल तर असू दे, माप तेवढं पाठवा.

तुमची,
रुक्मिणी


नाहूर,
२६ नोव्हेंबर

सौ. रुक्मिणीताईंस,
स. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. मी लिहायला बसले की ओजसला तेच पेन हवं असतं. रिटायर झाल्यावर दुपारी झोपायचं असं ठरवलं होतं. आता वरणभाताची वाटी घेऊन घरभर फिरते. स्वरदा ऑफिसातून आठला येते आणि बूट न काढता सोफ्यावर बसून राहते. तिला ऊठ म्हणायचं बळ माझ्यातही नसतं.

छाती एकवीस इंच, बाही साडेआठ. बाही मापताना त्याच्या हातात केळं होतं, तेव्हा अर्धा इंच इकडेतिकडे धरा. मुंबईत स्वेटर कशाला, म्हणून मी तुम्हाला चिडवायचे. पण पहाटे त्याची छाती घरघरते, तर लवकर करा.

राग आहे, खोटं कशाला लिहू. त्या घरात माझ्या मुलीचं ऐकून घेणारं कुणी नव्हतं, तुम्हीही गप्प राहिलात. पण नितेशरावांना इथे कुणी अडवलेलं नाही, हे तुम्हाला ठाऊक असावं. दोन रविवारी ते येतो म्हणाले. दोन्ही वेळा ओजस बूट घालून गॅलरीत बसला. ते आले नाहीत.

भांडायला म्हणून हे लिहीत नाही. तेवढा जोरच उरलेला नाही.

विणताना बोटं जपा.

नीला


साकीनाका,
९ डिसेंबर

सौ. नीलाताईंस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी नितेशला विचारलं. आधी चिडला, ताट सारून उठला. दुसऱ्या दिवशी चहा घेताना आपणहून म्हणाला, की दोन्ही वेळा तुमच्या बिल्डिंगच्या खालपर्यंत आला होता. वर जाऊन पाहुण्यासारखी बेल वाजवायची, पाहुण्यासारखं अर्ध्या तासाने निघायचं, ते जमेना. म्हणून परत फिरला. मी त्याला म्हटलं, पोर बूट घालून बसलं होतं. मग चहा तसाच राहिला.

माझ्या पोटचा आहे, पण चूक त्याची आहे, हे त्याला तोंडावर सांगितलं. हे गप रव म्हणाले. या वेळी मी नाही राहिले.

स्वेटर सोबत पाठवला आहे. रंग मोरपंखी, डाग दिसत नाहीत. स्वरदाला नको असेल तर आग्रह करू नका, परत पाठवा. तुमच्या घरात आणखी वाद नको.

आपुलकी राहू द्या, जमेल तेवढी.

रुक्मिणी


नाहूर,
२३ डिसेंबर

ती. आईंस,
सा. न.

तुम्हाला अजून आई म्हणावं की नाही, कळत नव्हतं. दुसरं काही लिहिता येईना.

पार्सल आलं तेव्हा नेमकी मी घरी होते, त्यामुळे तुम्हा दोघींचा पत्रव्यवहार कळला. दोघींवरही चिडले. पार्सल फ्रिजवर पडून राहिलं. मग एका सकाळी ओजसचा खोकला थांबेना, तेव्हा काढलं. छाती बरोबर, बाही बरोबर, डोकं आत जाईना. ते मापात कुणी धरलंच नव्हतं. आत अडकून रडला. ओढून ताणून घातला एकदाचा, तर दुपारी घामाघूम झाला तरी काढू देईना.

मी परत येणार नाही. स्वेटर घातला म्हणून कुणी वेगळा अर्थ काढू नये, यासाठी लिहिते. नितेशने यायचं की नाही ते त्याचं त्याने ठरवावं. आला तर वर यावं, खालून जाऊ नये. तुम्ही मात्र त्याच्यासाठी थांबू नका. शनिवारी मला सुट्टी असते. या.

स्वरदा


साकीनाका,
रविवार, २९ डिसेंबर

चि. स्वरदा हिस,
अनेक आशीर्वाद.

काल नीट पोचले. रिक्षा मिळायला वेळ लागला, एवढंच.

ओजसने मला ओळखलं नाही, तू त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पडद्यामागे लपला तेव्हा तुझी आई चहा ओतता ओतता भिंतीकडे वळली, ते मला दिसलं. मी खिडकीकडे वळले, ते तिलाही दिसलं असेल. नंतर टेप घेऊन तो टेबलाखाली शिरला, मीही गुडघे धरत शिरले, तर माझंच मनगट मापत बसला. त्याच्या डोक्याचं माप राहिलंच. बाहेर आले तेव्हा मला उठवायला तुम्ही दोघी लागलात.

इथे घरी आले तर दार नितेशने उघडलं. केवढा झाला, विचारत होता. हात करून दाखवणार होते, पण नाही दाखवला. जाऊन बघ म्हटलं.

आज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडलाय. कुठे, ते मी विचारलं नाही. त्याने बेल वाजवली की नाही, हे पत्र मिळेपर्यंत तुला कळलेलं असेल. मला अजून कळायचंय. जेवणं खोळंबलीत, हे दोनदा दारात जाऊन आले.

स्वेटर काल पिशवीत घालून आणला, त्याचा गळा उसवून टाके परत सुईवर घेतलेत. सैलच विणते.

तुझी,
आई