इथं गाडी पुकारत नाहीत

प्रिय आप्पा,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नव्हतं. गरजच पडली नाही. तुम्ही कळंबच्या स्टँडवर ड्यूटीला असलात तरी संध्याकाळी येरमाळ्याला घरी यायचात, आणि मी परदेशात आले तेव्हा फोन होताच की. आज फोन आहे, पण तुम्ही उचलणार नाही. काल दुपारी तुम्ही गेलात. आणि तुमची लेक एका परक्या विमानतळावर अडकून पडलीय, ज्याचं नावसुद्धा तिला धड वाचता येत नाही.

लिहितेय ते अशासाठी, की मला हंबरडा फोडायचाय आणि इथं तो फोडता येत नाही. इतकं शांत आहे इथं, आप्पा! शे-दीडशे माणसं बसलीत, पण कुणी बॅगेची चेन ओढली तरी ऐकू येतंय. माझ्या शेजारी एक म्हातारी स्वेटर विणत बसलीय, तिच्या सुयांचा आवाज येतोय. अशात मी मोठ्यानं रडले तर हे लोक पोलीस बोलावतील. म्हणून भाषेच्या क्लासची वही काढली आणि मागच्या पानापासून सुरुवात केली.

दुसरंही एक कारण आहे. आपल्या धाकट्या बाळूनं फोनवर मला एक प्रश्न विचारलाय. तासाभरात उत्तर द्यायचंय, आणि मला ते देववत नाही.

पण आधी माझा गाढवपणा सांगते. माझं विमान चुकलं.

उशिरा पोचले म्हणून नाही हो! तीन तास आधी येऊन बसले होते. तिकिटावर ज्या दाराचा नंबर होता, बरोबर त्याच्या समोर, पर्स पोटाशी धरून. मोबाईल बघितला नाही, डुलकी काढली नाही. तुम्हीच शिकवलंत ना? "परगावी जाताना मोबाईलमधी डोकं घालू नको, वैशे. कान स्टँडवर ठिव. गाडी पुकारल्याबिगर जागा सोडू नको." मी जागा सोडली नाही, आप्पा. लघवीलासुद्धा उठले नाही. आणि गाडी कुणी पुकारलीच नाही!

वेळ होऊन गेली तरी दारात कुणी येईना, तेव्हा तिथल्या बाईकडं गेले. तिनं माझा कागद बघितला, मग घड्याळ बघितलं. म्हणाली, विमान दुसऱ्या दारातून गेलं, दार बदलल्याचं पाटीवर लिहिलं होतं. मी म्हटलं, अहो, पण तुम्ही पुकारलं कुठं? तर म्हणते, "इथं पुकारत नाहीत. आमचा विमानतळ शांत आहे." हे तिनं चक्क अभिमानानं सांगितलं, आप्पा! ती पाटी माझ्या डोक्यावरच लटकत होती. मान वर केली असती तर दिसली असती.

मागं इकडं येताना आम्ही नऊ जणी नर्सा होतो. पुढं चालणाऱ्या सिस्टरच्या पाठोपाठ मी चालत राहिले, कुठं काय लिहिलंय ते बघितलंच नाही. एकटीनं निघायची ही पहिलीच वेळ, आणि ती अशी आली.

खरं सांगू का? मला तुमचा राग आला. गेलेल्या माणसाचा कुणी राग धरतं का? मी धरला. खुर्चीत बसून मनातल्या मनात तुम्हाला लई बोलले. तुम्ही जन्मभर गाड्या पुकारल्यात, म्हणून मला वाटलं की जगात सगळीकडं कुणीतरी पुकारतच असतं.

काय आवाज होता तुमचा! "लातूरहून येणारी, येरमाळामार्गे बार्शीला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे." कंट्रोलरच्या केबिनमधून तो आवाज निघाला की बाकड्यावर आडवी झालेली माणसं उठून बसायची. बाहेर रसवंतीवर उभा असलेला माणूससुद्धा ग्लास ठेवून पळत यायचा. घरी आई जेवायला वाढायची आणि तुम्ही ओसरीतून ओरडायचात, "जेवण फलाट क्रमांक एकवर लागलेलं आहे, प्रवाशांनी हात धुऊन घ्यावेत!" आई म्हणायची, "गप बसा आता, शेजारी हसायलेत." तुम्ही जास्तच मोठ्यानं ओरडायचात.

आता बाळूचा प्रश्न.

सकाळचं विमान मिळालं असतं तर उद्या आठ वाजेपर्यंत मी दारात असते. आता पुढचं विमान संध्याकाळी आहे, तेही मधे एका ठिकाणी सात-आठ तास थांबून. म्हणजे मुंबईला उद्या संध्याकाळी आणि येरमाळ्याला परवा उजाडता. बाळूला हे सांगितलं.

तो म्हणाला, "आक्का, तात्या अडून बसलेत. पोरगी आल्याबिगर माती न्हाय म्हणायलेत. कळंबवरनं बर्फाची पेटी आणलीय, पण वाऱ्यानं तारा तुटल्यात, सकाळपसनं लाइट न्हाय. जनरेटर दोनदा बंद पडला. आईनं कालपसनं पाण्याचा घोट घेतला न्हाय. काय करू? तू म्हणशील तसं. पर पाचच्या आत सांग, मंग दिवस मावळतोय."

तात्यांचं चुकत नाही, तुमचे थोरले भाऊ ते. लेकीनं तोंड बघितल्याशिवाय बापाला उचलत नाहीत, हे तर लहानपणापासून बघत आलेय. शेजारची लक्ष्मीआत्या पुण्याहून येईपर्यंत तिच्या बापाला एक दिवस ठेवलं होतं, आठवतं? ती गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरली आणि तिथूनच पदर तोंडाला लावून पळत आली. अख्ख्या गावानं तिला वाट करून दिली. मलाही तसं पळत यायचंय, आप्पा. मलाही तुमचं तोंड बघायचंय! एवढं एकच मागते मी. दुसरं काय मागितलं तुमच्याकडं?

हो, एकदा मागितलं होतं. दोन मिनिटं मागितली होती.

विसरला नसाल. मी तर नाहीच विसरले. झेरॉक्स काढायला तुमच्यासंगं कळंबला आले होते आणि तिथूनच नर्सिंगच्या ॲडमिशनला उस्मानाबादला निघाले होते. तेव्हा आपण उस्मानाबादच म्हणायचो. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की बारावीची ओरिजिनल मार्कशीट झेरॉक्सच्या दुकानात मशीनवरच राहिली. पळत गेले, पळत आले. गाडी फलाटावरून मागं निघायलीच होती. मी स्टँडच्या मधोमध उभी राहून ओरडले, "आप्पा, थांबवा!" तुम्ही केबिनच्या जाळीतून माझ्याकडं बघितलं. मग घड्याळ बघितलं. आणि ड्रायव्हरला हात केला, जाऊ दे म्हणून!

दुसऱ्या गाडीनं मी पोचले तेव्हा यादी बंद झाली होती. माझं एक वर्ष गेलं. चार महिने मी तुमच्याशी बोलले नाही. आई तुम्हाला म्हणाली, "पोटच्या पोरीसाठी दोन मिन्टं थांबिवली असती तर काय आभाळ कोसळलं असतं?" मी भिंतीआड उभी होते. तुम्ही म्हणालात, "गाडीत बावन्न माणसं बसल्याली. कुणी दवाखान्याला चाललंय, कुणी मातीला चाललंय. त्यांनी काय गुन्हा केलता?"

पुढच्या वर्षी तुम्ही रजा टाकलीत आणि पहिल्या गाडीनं स्वतः माझ्यासंगं आलात. माझी फाईल मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसला होतात. रस्ताभर एक शब्द बोलला नाहीत. मीही बोलले नाही. तेव्हाच विचारायला हवं होतं, तुम्हाला त्या दिवशी काय वाटलं होतं म्हणून. आता कुणाला विचारू?

आणि रविवारचा फोन! तुम्ही विचारलंत, "तिकडं गाड्या टायमावर असत्यात का गं माय?" मला ड्यूटीला जायची घाई. "असतात हो आप्पा, नंतर बोलू," असं म्हणून मी फोन ठेवला. दोन मिनिटं. मीसुद्धा तुम्हाला दोन मिनिटं दिली नाहीत. फिटलं म्हणायचं का? नाही हो, असलं काही फिटत नसतं. मला माफ करा.

तुम्ही असता तर आत्ता काय म्हणाला असतात, ते मला ठाऊक आहे. म्हणून तर विचारायला भीती वाटतेय.

मघाशी वही मिटली आणि मीच बाळूला फोन लावला. म्हटलं, किती माणसं बसलीत रे? म्हणाला, "असतील पन्नास-साठ. कालपसनं उठली न्हाईत." म्हटलं, आणि गल्लीत? तो म्हणाला, "गल्लीत कुणाचीच चूल पेटली न्हाय, आक्का. संगीताकाकूची सून धा दिसाची बाळंतीण हाय, ती बी तशीच बसलीय. आपल्या दारात माणूस असताना ती कशी चूल पेटवंल?"

आप्पा, ती पोर दहा दिवसांची बाळंतीण आहे. तिच्या अंगावर पिणारं लेकरू आहे. मी नर्स आहे, मला कुणी समजावून सांगायला नको. आणि आईला शुगर आहे. तुमची पेटी बंद आहे. आणि मी म्हणतेय, परवा उजाडेपर्यंत थांबा, मला तोंड बघायचंय!

मी डोळे मिटले. तुम्ही केबिनमधून घड्याळ बघताना दिसलात.

"बाळू," मी म्हणाले, "काढा. तात्यांना म्हणावं, वैशालीनंच सांगितलंय. थांबू नका."

तो रडायला लागला. "आक्का, तू मागनं मला बोल लावशील."

"नाही लावणार. आईच्या तोंडात आधी पाणी घाल. आणि एक काम कर, फोन आप्पांच्या कानाशी धर."

बायकांचं रडणं जवळ आलं. मग बाळू म्हणाला, "धरलाय." आणि मग, आप्पा, मी खुर्चीतून उठले आणि ह्या शांत विमानतळावर बेंबीच्या देठापासून ओरडले, "आप्पा! गाडी सुटायलीय, आप्पा! तुम्ही बसा! मी मागच्या गाडीनं येते!"

सगळ्यांनी माना वळवल्या. काउंटरवरची बाई उभी राहिली. पोलीस काही आले नाहीत. म्हातारीनं सुया खाली ठेवल्या, माझा हात धरून मला खाली बसवलं आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. मी तिच्या विणकामावर डोकं ठेवून रडले. आवाज करून रडले.

आता तिकडं साडेसहा वाजले असतील. म्हणजे तुम्ही निघालात.

मी तुम्हाला वचन देते. परवा तिसऱ्याला राख सावडायला मी पोचते. तुमचं तोंड नाही तर नाही, राखेला तरी माझा हात लागेल. आता कानावर भरवसा ठेवून बसले नाही. पाटीच्या बरोबर समोर बसलेय, मान मोडली तरी नजर खाली घालणार नाही. दर पाच मिनिटांनी उठून त्या बाईला विचारतेय, ती वैतागली तरी विचारतेय. आणि आई जेवल्याशिवाय मी जेवणार नाही, हेही बाळूला कळवलंय.

त्या दिवशीची गाडी तुम्ही थांबवली नाही म्हणून माझा जो राग होता ना आप्पा, तो आज गेला. तुमची गाडी मीही थांबवली नाही.

मागं वळून बघू नका. टायम झालाय.

तुमची लेक,
वैशाली