दहापैकी सतरा

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगं जमिनीला टेकली असं समज. प्रत्यक्षात साडेपाच टेकतात आणि उठताना टेबलाचा पाय धरावा लागतो, पण पत्रात सगळं जमतं.) तू, वहिनी आणि विनाकारण भुंकणारं तुझं ते म्हातारं कुत्रं, तिघंही खुशाल असाल अशी आशा करते. मी ठीक आहे. दवाखाना अजून दवाखानाच आहे, पण तो तसाच राहील की नाही याचा गेल्या महिन्यात काही भरवसा नव्हता, आणि तेच सविस्तर सांगायला बसले आहे. फोनवर तू दीड मिनिटात "बरं, ठेवतो" म्हणतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही.

तुला माहीतच आहे की गेली सहा वर्षं माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माजी सैनिक येतात. लष्कराचं इस्पितळ लांब, तिथली रांग त्याहून लांब, म्हणून सरकारने आमच्यासारख्या गल्लीतल्या दवाखान्यांना मान्यता दिली, की यांचे गुडघे, पाठी आणि खांदे आता तुम्हीच बघा. मान्यतेचं प्रमाणपत्र एकदाच आलं. त्यानंतर दर महिन्याला परिपत्रक येतं. 'माजी सैनिकांवर उपचार करणाऱ्या सेवादात्यांसाठी अद्ययावत सूचना' असं वर ठळक अक्षरात, आणि खाली चार पानं. लिहिणारा माणूस मनाने चांगला असावा. फक्त त्याने आयुष्यात एकही म्हातारा शिपाई जवळून पाहिलेला नसावा. (तू मेजर होऊन निवृत्त झालास म्हणून पुढचं वाचताना नाक फुगवू नकोस. तुझ्याबद्दल अजून काही लिहिलेलं नाही.)

एका परिपत्रकात होतं, माजी सैनिकांना पाठ भिंतीला आणि नजर दाराकडे राहील असं बसवावं, त्याने त्यांना स्वस्थ वाटतं. मी बसवलं. बाहेरच्या खोलीत अकरा खुर्च्या एकाच भिंतीला, अकरा माणसं ताठ, बावीस डोळे दारावर. त्यांना स्वस्थ वाटलं. बाकी कुणाला वाटेना. कुरियरवाला दारात येतो, थबकतो, पाकीट उंबऱ्यावर ठेवतो आणि पाठ न दाखवता मागे मागे सरकत निघून जातो. नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरने तर कुणी काही विचारलं नसताना स्वतःचं पूर्ण नाव आणि पत्ता सांगून टाकला. दुसऱ्या परिपत्रकात होतं, रुग्णाला मागून हात लावण्यापूर्वी सूचना द्यावी. तेव्हापासून मी दिवसभर "मी येतेय, डावीकडून, हात गार आहे" असं म्हणत फिरते. मागे येणारा ट्रक जसा आवाज करतो ना, तसं झालंय माझं. परवा घरी भाजीवाल्याच्या मागे उभी राहून तेच बोलले.

हे सगळं मी आनंदाने केलं. पण बहात्तराव्या परिपत्रकाने घात केला. त्यात असं, की प्रत्येक खेपेला रुग्णाला त्याची वेदना शून्य ते दहा या आकड्यांत विचारावी आणि फॉर्मवर नोंदवावी. आकडा रुग्णाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला असावा, उपचार करणाऱ्याने सुचवलेला नसावा. सलग तीन आठवडे आकडा तीनच्या खाली राहिला तर रुग्ण बरा झाला असं समजून उपचार थांबवावेत.

वाचायला किती सरळ वाटतं, नाही?

पहिल्या दिवशी पहिले हवालदार आले. (अकरा जणांत तेच वरिष्ठ, म्हणून पहिली खुर्ची त्यांची. ती रिकामी असली तरी तिथे कुणी बसत नाही.) त्यांचा उजवा गुडघा म्हणजे नुसती वाळू झालीय. मी तो वाकवला, तसा त्यांच्या कपाळावर घाम आला, खालचा ओठ दाताखाली गेला, आणि पलंगाची कड त्यांनी अशी धरली की कड कुरकुरली. मी विचारलं, "हवालदार, दहापैकी किती?"

"शून्य, मॅडम."

मग पॅराशूट. (उडी मारताना पाठ मोडून घेतली म्हणून हे नाव, त्यांनी स्वतःच ठेवलेलं.) त्यांनी आधी नियम विचारून घेतले. "कमीत कमी किती चालतं?"

"शून्य."

"मग तेच लिहा. दुसऱ्यासाठी थोडे आकडे राहू देत."

आचारीकाकांचं तर निराळंच. लष्कराच्या मुदपाकखान्यात बावीस वर्षं त्यांनी शे-दोनशे माणसांचं शिजवलं. ती पातेली ढवळून आणि उचलून खांदा पार गेलाय. ते अगदी कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, मी कुठे लढलोय? मी आकडा कसा सांगू? आधी त्यांचं होऊ दे."

अकरा माणसं, अकरा शून्यं. तीन आठवडे हेच. काउंटरवरच्या बाई (त्यांना तू एकदा फोनवर ओरडला होतास, त्यांनी ते लक्षात ठेवलंय) म्हणाल्या, "मॅडम, द्या इकडे पेन, मी सगळ्यांना सात-सात घालते. देव काही तपासायला येत नाही." पण दादा, माझ्या हातून ते होईना. माझ्या त्या कॉन्व्हेंटने अकरा वर्षांत मला काय शिकवलं तर लेखी खोटं बोलायचं नाही. तोंडी बोललेलं शनिवारी चर्चमध्ये फादरपुढच्या कबुलीत निघून जातं, असं आम्हा मुलींचं मत होतं, पण शाईचं निघत नाही. आणि खरं सांगू, त्या अकरा जणांवर चिडायचा मला हक्कही नव्हता. तुला शिवण शिकवणारी म्हातारी सिस्टर आठवते? नाही, तुला कशी आठवेल, तू मुलांच्या शाळेत. मऊ हातांची, कापराचा वास येणारी. बोटात सुई गेली की ती माझं बोट हातात घ्यायची, फुंकर घालायची आणि म्हणायची, रडू नकोस, दुखणं देवाला देऊन टाक. मी इतकी दुखणी दिली की आता वर एक कपाट माझ्याच नावाचं असेल. तिने फुंकर घातली नसती तर मी देवाला काही दिलं नसतं, हेही तितकंच खरं. आज साठी ओलांडल्यावरही काही लागलं की मी आधी बोट फुंकरीसाठी पुढे करते आणि मग लक्षात येतं की समोर भिंत आहे. असो. डोळे पुसते आणि पुढे लिहिते.

चौथ्या आठवड्यात कार्यालयाचं पत्र आलं. अभिनंदनाचं! 'आपल्या केंद्रातील सर्व अकरा रुग्ण वेदनामुक्त झाल्याबद्दल हे कार्यालय समाधान व्यक्त करते. सबब महिनाअखेरपासून त्यांच्या उपचारांची मंजुरी थांबवण्यात येत असून केंद्राच्या मान्यतेची आवश्यकता पडताळण्यासाठी अधिकारी गुरुवारी दहा वाजता भेट देतील.' काउंटरवरच्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "इतके लोक तर तीर्थाला जाऊनही बरे होत नाहीत."

मला हसू आलं नाही. आचारीकाकांचा हात गेल्या वर्षी छातीपर्यंत येत होता, आता हनुवटीपर्यंत येतो. सोडला तर दोन महिन्यांत परत खाली. हवालदारांना इथून लष्करी इस्पितळ म्हणजे दोन बस आणि एक पूल. ते जाणार नाहीत. कुणीच जाणार नाही. घरी बसतील, ताठ, पाठ भिंतीला लावून, आणि विचारलं की शून्य म्हणतील.

म्हणून बुधवारी मी सगळ्यांना एकत्र बसवून समजावलं. म्हटलं, उद्या साहेब येतील, कृपा करून खरं सांगा. दुखतं म्हटल्याने कुणी छोटं होत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. हवालदारांनी शेवटी एकच प्रश्न विचारला, "हा हुकूम आहे का, मॅडम?" मी वैतागून म्हटलं, "हो, हुकूम समजा." दादा, माझं इथेच चुकलं. तू त्या वेळी इथे असतास तर माझ्या तोंडावर हात ठेवला असतास.

गुरुवारी दहाला अधिकारी आले. बारीक चष्मा, काखेत फाइल, घाईत असलेला पण सभ्य माणूस. ते आत येताच अकराच्या अकरा जण ताडकन उठले. (त्या एका ताडकनमध्ये त्यांच्या गुडघ्यांवरची माझी आठवड्याची मेहनत गेली.) साहेबांनी फाइल उघडली आणि पहिल्या खुर्चीला विचारलं, "दहापैकी वेदना किती?"

हवालदारांनी छाती काढली. "सात, सर!"

माझा जीव भांड्यात पडतोय तोच शेजारचा गरजला, "आठ!" त्याच्या शेजारचा, "नऊ!" आणि मग मला थांबवता आलं नाही. तुला सांगायला नको, ओळीत उभं करून पहिल्याने आकडा पुकारला की पुढच्याने पुढचा पुकारायचा, हे तुमच्या हाडात इतकं मुरलंय की मेंदूची परवानगी लागत नाही. दहा! अकरा! बारा! माझ्या डोळ्यांसमोर तो आकडा खोलीच्या त्या टोकाकडे पळत गेला आणि शेवटच्या खुर्चीवरच्या पॅराशूटनी मान डावीकडे झटकून सांगितलं, "सतरा, सर!"

साहेबांनी चष्मा काढला. "दहापैकी सतरा?"

पॅराशूट म्हणाले, "शेवटच्या माणसाला नेहमी जास्तच येतं, सर."

काउंटरवरच्या बाई काउंटरखाली गेल्या. काहीतरी पडलं म्हणून, असं त्या अजून म्हणतात. साहेबांनी फाइल मिटली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, हे शिकवलेलं आहे." मी खोटं बोलू शकले असते. त्याऐवजी सगळं सांगितलं, अगदी शाळेत असल्यासारखं हात मागे बांधून. शून्याचं, हुकुमाचं, सगळं. म्हटलं, या माणसांना आकडे विचारू नका, ते मोजणीच करणार. घरी काय होतं ते विचारा.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग हवालदारांसमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बसा. जिना आहे का घरी?"

"आहे, सर."

"कसा उतरता?"

हवालदारांचे डोळे दारावरच. "उलटा, सर. तोंड भिंतीकडे करून."

"का?"

"सरळ उतरलो तर खालून नातीला तोंड दिसतं."

बास, एवढंच. पण त्यानंतर भिंतीवरून एकेक सुटत गेलं. पॅराशूट बुटाची नाडी जमिनीवर आडवं पडून बांधतात, आणि बायकोला सांगतात की पलंगाखाली उंदीर शोधतोय. (बायकोने चार सापळे आणलेत.) आचारीकाका कंगवा हातात स्थिर धरतात आणि डोकं हलवतात. हे त्यांनी करून दाखवलं तेव्हा सगळे हसले, ते स्वतःसुद्धा, आणि साहेबांनी हसता हसता खाली मान घातली ती बराच वेळ वर केली नाही. तुला सांगते दादा, सहा वर्षांत माझ्याजवळ यातलं काहीही कुणी बोललं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं, आणि गेला महिनाभर तर दहापैकी किती हेच विचारत बसले होते.

फॉर्मवर जिन्यासाठी रकाना नाही. साहेबांनी मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहून घेतलं आणि तीन महिन्यांची मुदतवाढ दिली. वर म्हणाले, पुढचं परिपत्रक बहुधा याचंच निघेल. निघू दे. परिपत्रकं अडकवायला मी भिंतीला अजून एक खिळा मारून ठेवलाय.

तर असा सगळा प्रकार. तुला करमणूक व्हावी म्हणून लिहिलं, बाकी विशेष काही नाही. वहिनीला नमस्कार. कुत्र्याला माझ्या वतीने एकदा गप्प बस म्हण.

तुझी धाकटी

ता. क. विशेष काही नाही असं वर लिहिलं ते तितकंसं खरं नाही. मुदतवाढीला एक अट आहे. या अकरा जणांचे आकडे आता कार्यालय धरणार नाही, कारण ते शिकवलेले. तीन महिन्यांत एक नवा माजी सैनिक हवा, माझ्या दवाखान्यात कधी पाय न ठेवलेला, ज्याने पहिल्या दिवसापासून खरा आकडा स्वतःच्या तोंडाने सांगितला आणि बारा आठवडे सांगत राहिला. त्याच्या आलेखावर अकरा जणांचं ठरणार. आमच्या भागात जेवढे होते तेवढे सगळे त्या भिंतीला आधीच आहेत. मी साहेबांना विचारलं, नातेवाईक चालेल का? ते म्हणाले, परिपत्रकात मनाई नाही.

ता. क. २. हे वाचून तू "मला काय झालंय" म्हणशील. म्हणू नकोस. वहिनी सांगते की तू हल्ली वर्तमानपत्र उभ्याने वाचतोस, कारण एकदा बसलास की उठताना तिला स्वयंपाकघरात पिटाळावं लागतं. तिने पुढच्या सोमवारचं तुझं तिकीट काढलंय आणि तुझी बॅग भरून कपाटामागे ठेवलीय. हे सगळं हे पत्र लिहिण्याआधीच ठरलं होतं. तरी मी चार पानं लिहिली, कारण तू मोठा आहेस आणि तुला विचारायला हवं.

ता. क. ३. तुझा फॉर्म भरून ठेवलाय. नाव, वय, हुद्दा, गुडघा, सगळं. आकड्याची जागा तेवढी मोकळी आहे, ती मला भरता येत नाही. तू शून्य म्हणालास तर काय, या भीतीने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी हवालदारांजवळ बोलले. म्हटलं, माझा भाऊ येतोय, मेजर होता, पण दुखतं म्हणेल की नाही शंका आहे. त्यांनी मला अगदी मायेने धीर दिला. म्हणाले, "अधिकारी आहेत ना, मॅडम? मग बिलकूल काळजी करू नका. साहेब लोकांना फार दुखतं."